स्टिट्झेल-वेलर आसवनी
अमेरिकेतील केंटकी राज्यात लुइव्हिलजवळ शायव्हली येथे १९३५ मध्ये सुरू झालेली बर्बन व्हिस्कीची विख्यात आसवनी. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो. जोडीला बहुतेक उत्पादक राय हे धान्य घेतात. येथे त्याऐवजी गहू घेत, म्हणून मद्याला मऊ गोडवा येई. हेच या आसवनीचे खरे वैभव. आसवनीचे प्रमुख ज्यूलियन ‘पॅपी’ व्हॅन विंकल यांचा अनुभवी कारागिरांवर इतका विश्वास, की रसायनतज्ज्ञांना मज्जाव करणारी पाटीच तेथे होती. १९७२ मध्ये आसवनी विकली गेली, १९९२ मध्ये ऊर्ध्वपातन थांबले. आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांत १२ वर्षे मुरलेली येथील ‘व्हेरी व्हेरी ओल्ड फिट्झजेराल्ड’ ही बर्बन संग्राहकांना आज क्वचितच मिळते.