जुन्या रेडिओतील एक कंडेन्सर

इतिहास म्हटला की किल्ले आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास बोटाएवढ्या एका वस्तूचा आहे.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, नागपूरचे १६ जुलै १९४८ रोजी. आपले राळेगाव तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. म्हणजे हे आपल्या घरचेच केंद्र. ज्या गावी वीज नव्हती तेथे रेडिओ बॅटरीवर चाले. वीज आली आणि बॅटरीचा खर्च सुटला. पण त्याच तारेतून खरखरही घरात शिरली. गिरणीची मोटर, पंखा, दिव्याचे बटण, ज्याची त्याची ठिणगी रेडिओत ऐकू येई.

यावर उपाय म्हणून कित्येक रेडिओंत वीज आत येते तेथेच एक कंडेन्सर बसविलेला असे. धातूच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये मेण पाजलेला कागद आणि त्यांची गुंडाळी, एवढाच त्याचा संसार. सेकंदाला ५० आवर्तने घेणाऱ्या घरगुती विजेला तो मोठा अडथळा करतो. खरखरीच्या जलद लहरींना मात्र परस्पर वाट काढून देतो.

परंतु कागद तो कागदच. वर्षानुवर्षांच्या ओलीने व उष्णतेने तो निकामी होतो. तार आणि रेडिओचा लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये जोडलेला ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर धड असला, तरी २३० व्होल्टवर त्यातून सुमारे पाऊण मिलिअँपिअर प्रवाह जातो. अर्थिंग नसेल तर सांगाड्याला हात लागताच मुंग्या येतात. कागद फुटला की मुंग्यांवर भागत नाही. विजेचा सारा दाब सांगाड्यावर उतरतो. हाच कंडेन्सर दोन तारांमध्ये असेल, तर आगीचे भय.

आज वाडवडिलांचा रेडिओ पुन्हा बोलता करणाऱ्या हौशी मंडळींस मूळचा प्रत्येक भाग जपावासा वाटतो. तो मोह आम्हांसही आहे. तरीही हा एक भाग काढलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन तारांमधील जागेसाठी एक्स वर्गाचे, तार व सांगाडा यांमधील जागेसाठी वाय वर्गाचे कंडेन्सर आता मिळतात. ते याच कामासाठी, सुरक्षिततेच्या कसोट्या लावून बनविलेले असतात. रूप जपायचे असेल तर जुने नळकांडे पोकळ करून नवा कंडेन्सर आत बसवावा.

ज्या रेडिओभोवती एकेकाळी घरातील मुले बसली, त्याच्याभोवती त्यांची नातवंडेही निर्धास्त बसावीत, एवढेच आमचे मागणे आहे.