गिधाडे का मेली? एका अनुमानाचा इतिहास

आपण शाळेत होतो तेव्हा नदीपलीकडच्या माळावर मेलेले ढोर टाकले की थोड्याच वेळात आभाळात गिधाडांच्या घिरट्या सुरू व्हायच्या. आज आपली नातवंडे गिधाड ओळखतात ती पुस्तकातल्या चित्रावरून. मधल्या काळात काय घडले आणि त्याचे कारण कसे सापडले, तो इतिहास इथे सांगतो. पुढे मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. शास्त्रीय पद्धत समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण मिळाले नाही. आपल्या प्रयोगवहीतले मथळे आठवा : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. यातल्या शेवटच्या दोन शब्दांमध्ये किती कष्ट दडलेले असतात, ते या गोष्टीत दिसते.

सुरुवात साध्या मोजणीने झाली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा संख्या झपाट्याने घटलेली दिसली. पक्षी मान खाली टाकून फांद्यांवर बसलेले असत आणि काही तिथेच मरत. हे फक्त भरतपुरात घडत होते की सगळीकडे? संस्थेने १९९०-९३ च्या सुमारास देशभर शिकारी पक्ष्यांची पाहणी केली होती. तीच २००० साली पुन्हा केली. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे ९० टक्क्यांहून अधिक कमी झाली होती. ‘पूर्वी पुष्कळ होती हो’ एवढ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. जुनी नोंद होती, आणि नवी मोजणी त्याच पद्धतीने झाली, म्हणून हे आकडे बोलू शकले.

आता कारण. अन्न कमी पडले म्हणावे, तर मेलेली जनावरे न खाल्लेली पडून राहत होती. कीटकनाशकांवर संशय होता. सर्वांत पटण्याजोगा अंदाज होता तो एखाद्या नव्या विषाणूचा. रोगाची साथ पसरावी तशीच गिधाडे एकामागून एक प्रदेशांतून नाहीशी होत होती. जाणकार माणसांनी, विचार करून मांडलेला हा तर्क होता. पण तपासून पाहिल्याशिवाय तर्काला अनुमान म्हणता येत नाही.

२००० ते २००३ या काळात पाकिस्तानातल्या पंजाबात डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची तपासणी केली. २५९ पैकी २१९ पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. पक्षी शरीरातला नत्रयुक्त कचरा युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. मूत्रपिंडे बंद पडली की ते आम्ल अवयवांवर साचते. म्हणजे मरण मूत्रपिंडांमुळे येत होते. पण मूत्रपिंडे कशाने निकामी झाली? विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशके एकेक करून तपासली, आणि काहीच हाती लागले नाही.

मग त्यांनी प्रश्न बदलला. गिधाड खाते काय? मेलेली गुरे. त्या गुरांच्या अंगात काय जाते? त्यांनी पशुवैद्यांना आणि औषध दुकानदारांना विचारले. मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारे आणि पोटातून शरीरात भिनणारे एक औषध त्या यादीत निघाले : डायक्लोफेनॅक. गुरांच्या सुजेवर आणि वेदनेवरचे स्वस्त, गुणकारी इंजेक्शन.

आता या इतिहासातले माझे सर्वांत आवडते पान. पांढरा थर असलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडे तपासली. पंचविसांतही औषध सापडले. मग दुसऱ्याच कारणांनी मेलेल्या, थर नसलेल्या १३ गिधाडांची तपासली. एकातही औषध नव्हते. पहिला आकडा ऐकला की विद्यार्थी ‘सापडले!’ म्हणतात. मी त्यांना दुसऱ्या आकड्यापाशी थांबवत असे. त्या १३ पक्ष्यांतही औषध निघाले असते, तर आधीच्या २५ ना काही अर्थ उरला नसता. तुलनेचा गट का हवा, ते इथे कळते.

तरीही दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून प्रयोग झाला. बंदिस्त गिधाडांना हे औषध दिले, तसेच औषध टोचलेल्या जनावरांचे मांसही खाऊ घातले. पक्षी त्याच लक्षणांनी मेले, आणि मात्रा वाढली तसे मरणही वाढले. २००४ साली हे ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी भारत आणि नेपाळमधल्या मृत गिधाडांवरही तपासणी झाली आणि तेच चित्र दिसले. गणिताने आणखी एक गोष्ट दाखवली. शेकडा एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी एवढी घट होण्यास ते पुरेसे होते.

पण शेतकऱ्याचा लंगडणारा बैल तसाच सोडायचा का? नुसती बंदी हे अर्धेच उत्तर ठरले असते. म्हणून पर्यायी औषधाचाही तसाच कस लावला. मेलॉक्सिकॅम आधी आफ्रिकेतल्या, मग आपल्याकडच्या गिधाडांना देऊन पाहिले, आणि ते सुरक्षित निघाले. २००६ साली भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांचा गुरांसाठीचा वापरही बंद झाला.

तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दखम्यांमध्ये सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. गिधाड मोठे व्हायला काही वर्षे घेते आणि वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही.

हे औषध गुरांना चालते की नाही, हे पाहिले गेले होते. ते गुरू मेल्यावर त्याला खाणाऱ्याचे काय, हा प्रश्न कोणाच्या वहीत नव्हता. आपल्यातले काही जण आज औषध कंपन्यांत आहेत, काही शेतीत, काही शिक्षक आहेत. कोणतीही नवी गोष्ट शेतात, गोठ्यात किंवा नदीत सोडण्याआधी ‘हे पुढे कोण खाणार?’ असा एक मथळा आपल्या प्रयोगवहीत वाढवायला हवा, असे मला वाटते.