ऱ्हाइन कशी निवळली?

नदी स्वच्छ कशी करायची, असे वर्गात विचारले तर 'सांडपाणी शुद्ध करून सोडायचे' असे उत्तर बहुतेक मुले देतील. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. शुद्धीकरणाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. नदी अनेक देशांतून वाहत असेल, तर तो अधिकच बिकट होतो. युरोपातील ऱ्हाइन नदीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

ऱ्हाइन स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात उगम पावते. फ्रान्सची सरहद्द आणि जर्मनीचा औद्योगिक पट्टा ओलांडून सुमारे १,२३० किलोमीटर अंतरावर ती नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. तिच्या काठी व उपनद्यांच्या खोऱ्यांत बाझलचे रासायनिक कारखाने, अल्सासच्या पोटॅशच्या खाणी आणि रूरचे कोळसा-पोलादाचे उद्योग वाढले. नेदरलँड्स सर्वांत खाली. वरच्या देशांनी जे सोडले, ते घेऊन येणारे पाणी तेथील लोकांना पिण्यासाठी आणि शेतीसाठी वापरावे लागे.

या नदीत पूर्वी सामन मासा विपुल होता. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत वरपर्यंत येतो. त्याच्या मासेमारीवर नियंत्रण ठेवण्यासाठी काठावरील देशांनी १८८५ सालीच करार केला होता. पण बंधारे वाढले, पाणी घाण झाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामन ऱ्हाइनमधून नाहीसा झाला.

आधी मोजमाप

नेदरलँड्सच्या आग्रहामुळे १९५० साली पाच देशांचा ऱ्हाइन संरक्षण आयोग स्थापन झाला. स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, जर्मनी आणि नेदरलँड्स हे त्याचे सदस्य. १९६३ च्या बर्न करारामुळे त्याला कायदेशीर पाया मिळाला. सुरुवातीच्या काळात आयोगाने नदीचे पाणी सर्व देशांत सारख्याच रीतीने तपासण्याची व्यवस्था लावली. हे काम दिसायला किरकोळ, पण त्याशिवाय 'घाण तुमची की आमची' हा वाद कधीच मिटला नसता.

१९७० च्या सुमारास नदीची अवस्था फारच वाईट होती. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांचे विघटन करताना जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. घाण जास्त झाली की ऑक्सिजन कमी पडतो आणि मासे गुदमरतात. त्यानंतरच्या वर्षांत शहरांनी व कारखान्यांनी शुद्धीकरण केंद्रे बांधली, तसा ऑक्सिजन पुन्हा वाढू लागला.

मिठाचा हिशेब

मिठाचे मात्र तसे नव्हते. जीवाणू मीठ खात नाहीत आणि ते गाळाबरोबर खालीही बसत नाही. ते मुळातच नदीत न सोडणे हाच खरा उपाय. अल्सासच्या खाणींतून दररोज दहा हजार टनांहून अधिक क्लोराइड नदीत जात होते. नेदरलँड्समधील एका रोपवाटिकेने याबद्दल खाणीविरुद्ध दावा लावला. नुकसान झाले त्या देशाच्या न्यायालयातही असा दावा लावता येईल, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १९७६ साली दिला.

त्याच वर्षी क्लोराइडविषयी करारही झाला. मीठ कमी करण्याच्या खर्चात फ्रान्सचा वाटा ३० टक्के, जर्मनीचा ३० टक्के, स्वित्झर्लंडचा ६ टक्के आणि नेदरलँड्सचा ३४ टक्के! ज्याचे नुकसान, त्याचाच वाटा सर्वांत मोठा. तरीही काम अडले. मीठ जमिनीत खोलवर सोडण्यास अल्सासच्या रहिवाशांनी विरोध केला आणि करार अमलात यायला १९८५ साल उजाडले.

आग आणि नंतर

१ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेले पाणी कीटकनाशके आणि पाऱ्याची संयुगे घेऊन थेट नदीत गेले. एका रंगद्रव्यामुळे नदी लाल झाली. सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. खालच्या देशांना सूचनाही उशिरा मिळाली.

लोकांचा संताप इतका होता की मंत्र्यांना लगेच एकत्र बसावे लागले. १९८७ साली 'ऱ्हाइन कृती कार्यक्रम' मंजूर झाला. कायद्याने बंधनकारक असा हा करार नव्हता. त्यात उद्दिष्टे मात्र स्पष्ट होती: ठरावीक घातक पदार्थ १९८५ च्या तुलनेत १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायचे आणि २००० सालापर्यंत सामन परत आणायचा. बहुतेक पदार्थांच्या बाबतीत पहिले उद्दिष्ट साध्य झाले. आग विझवलेले पाणी अडवण्यासाठी कारखान्यांनी टाक्या बांधल्या, इशारा देणारी यंत्रणा सुधारली.

केवळ आगीमुळे नदी सुधारली, असे समजणे बरोबर होणार नाही. केंद्रे आधीच उभी राहिली होती, मोजमापाची सवय लागली होती, एकमेकांना ओळखणारे अधिकारी होते. आगीने त्या तयारीला निकड दिली. सामनच्या उद्दिष्टाने सामान्य माणसाला कळेल अशी खूण दिली. मिलिग्रॅमचे आकडे सर्वांना कळत नाहीत; मासा आला की नाही, हे कळते.

१९९० च्या दशकात काही उपनद्यांत सामन पुन्हा अंडी घालू लागला. २००० साली जर्मन-फ्रेंच सरहद्दीवरील इफेझहाइमच्या बंधाऱ्यावर माशांसाठी जिना बांधला गेला. तरीही समुद्रापासून बाझलपर्यंतची वाट सगळीकडे मोकळी झालेली नाही आणि नव्याने सोडलेल्या पिल्लांवरच सामन बराच अवलंबून आहे. औषधांच्या अंशांसारखे नवे प्रश्नही आहेत. आणि मीठ? त्या खाणींतील उत्पादन २००२ साली थांबले, तेव्हा तो झरा आटला.

हा धडा शिकवताना वर्गाचे पाच देश करावेत आणि मिठाच्या खर्चाची वाटणी मुलांना करू द्यावी. ती झाल्यावरच ३४ टक्क्यांचा आकडा फळ्यावर लिहावा. पुढची चर्चा मुले स्वतःच करतील.