ठाणे जिल्ह्यातील मानवशास्त्रीय संशोधन

ठाणे जिल्ह्यातील मानवशास्त्रीय संशोधन हे प्रामुख्याने वारली, कातकरी, ठाकर व महादेव कोळी या जमातींविषयी झालेले आहे. विसाव्या शतकात त्याचे केंद्र मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग हे होते. या लेखात 'ठाणे जिल्हा' म्हणजे २०१४ च्या विभाजनापूर्वीचा, पालघरसह असलेला जिल्हा होय.

विद्यापीठीय अभ्यास

१८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये जमातींची वर्णने आहेत, परंतु ती प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली होती. पॅट्रिक गेडीस यांनी १९१९ मध्ये मुंबईत समाजशास्त्र विभाग सुरू केला. १९२४ पासून तो गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळला. केंब्रिज येथे रिव्हर्स व हॅडन या मानवशास्त्रज्ञांकडे त्यांचे शिक्षण झाले असल्याने विभागाच्या नावात नसले तरी अभ्यासात मानवशास्त्र होतेच. घुर्ये यांचा स्वतःचा पिंड ग्रंथाभ्यासाचा होता. विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी क्षेत्रकार्यास धाडले. इरावती कर्वे व एम. एन. श्रीनिवास हे याच विभागाचे विद्यार्थी.

अ. ना. वेलिंग यांचा कातकरींवरील ग्रंथ १९३४ मध्ये, के. जे. सावे यांचा वारलींवरील १९४५ मध्ये, घुर्ये यांचा महादेव कोळींवरील १९५७ मध्ये, तर ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्व ग्रंथ इंग्रजीत असल्याने ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले, त्यांच्यापर्यंत ते पोहोचणे कठीणच होते. कल्याणजवळील बदलापूरचा समग्र परिचय करून देणारे ना. गो. चापेकर हे वेगळे लेखक. त्यांचे 'बदलापूर' (१९३३) मराठीत आहे आणि विद्यापीठाबाहेर लिहिले गेले आहे.

वाद

आदिवासींना बाहेरच्यांच्या शोषणापासून दूर, संरक्षित ठेवावे, अशी व्हेरिअर एल्विन यांची भूमिका होती. घुर्ये यांनी १९४३ च्या ग्रंथात तिला विरोध करून आदिवासींना 'मागास हिंदू' म्हटले. या वादात जमीन, कर्ज व वेठबिगार यांपेक्षा ओळखीच्या प्रश्नाचीच चर्चा अधिक झाली. ठाणे जिल्ह्यात मात्र प्रश्न वेठीचाच होता. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेल्या वारलींच्या पुढाकाराने त्याच वर्षी तलासरी भागात वेठीविरुद्ध लढा उभा राहिला. सावे यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हा प्रबंध नव्हे. तथापि वारलींच्या वेठीविषयी मराठी वाचकाला सविस्तर माहिती मिळते ती त्यातूनच. या पुस्तकास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.