मिठाचा खडा आणि अणूची कथा

सोलापूरहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी होटगी जंक्शनला आली की रुळांच्या दोन वाटा होतात. एक वाडीकडे जाते, दुसरी विजापूरमार्गे गदगकडे. भोवती सोलापूर जिल्ह्याची काळी जमीन पसरलेली असते. या जिल्ह्यात जेथे अशा जमिनीला पाणी भरपूर मिळाले परंतु निचरा मिळाला नाही, तेथे उन्हाळ्यात मातीवर क्षारांचा पांढरा थर फुटतो आणि पीक जळते. मीठ ताटात चव आणते. त्याच्याच जातीचे क्षार रानात मुळावर उठतात. मिठाचे घटक कशाच्या बळावर एकत्र राहतात, हे कळावयास मानवाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. त्या वाटचालीत आपल्या ख्रिस्तसभेचे वर्तन कसे होते, हेही आपण प्रांजळपणे पाहिले पाहिजे.

आपल्या देशात वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांच्या परंपरेने परमाणूचा विचार मांडला. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, अशी जोडणीची पायरीही तिने कल्पिली. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात डिमॉक्रिटसने अविभाज्य कणांची कल्पना मांडली. मात्र ग्रीक अणुवाद्यांनी ते कण अनादी मानले आणि विश्वरचनेत परमेश्वराच्या योजनेला जागा ठेवली नाही. म्हणून ख्रिस्ती जगात अणू हा शब्द दीर्घकाळ नास्तिकतेचा मानला गेला. शिवाय ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1551 साली ख्रिस्तप्रसादातील तत्त्वपरिवर्तनाची शिकवण स्पष्ट केली, तेव्हा अणुवाद तिच्याशी विसंगत ठरेल, अशी भीती अनेक धर्मपंडितांना वाटू लागली. ही भीती खोटी नव्हती. पण तिने विचाराला कुंपण घातले, हे मान्य केले पाहिजे.

ते कुंपण ओलांडणाऱ्यांत दोन धर्मगुरूही होते, हे आम्हांस विशेष वाटते. फ्रान्सचे पिएर गासेंदी (1592-1655) यांनी अणूंना परमेश्वराची निर्मिती मानले. त्यांची गतीही त्यानेच दिली, असे सांगून त्यांनी अणुवादावरील नास्तिकतेचा डाग पुसला. पुढे येशूसंघीय रुजर बोस्कोविच यांनी 1758 साली व्हिएन्ना येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कणांमधील बलाचा विचार केला. त्यांच्या मते कण म्हणजे केवळ बिंदू. ते फार जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात, आणि अंतर बदलले की ओढूही लागतात. पदार्थ कशाचा बनला, या प्रश्नाबरोबर तो एकत्र कसा राहतो, हाही प्रश्न त्यांनी असा पुढे आणला.

विज्ञानाने उत्तर प्रयोगातून दिले. हंफ्री डेव्ही यांनी 1807 साली विजेच्या साह्याने दाहक सोड्यातून सोडियम वेगळा केला. त्याच सुमारास मँचेस्टरचे शिक्षक जॉन डाल्टन यांनी 1808 साली प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला ठरावीक वजन असते, असा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. फॅरडे यांनी 1834 साली ‘आयन’ हा शब्द रूढ केला. मीठ पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात, असे स्वीडनचे अऱ्हेनियस सांगू लागले. 1884 साली त्यांच्या प्रबंधाला विद्यापीठाने कनिष्ठ श्रेणी दिली. 1903 साली त्याच विचारासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नव्या सत्याला परीक्षकही कधीकधी ओळखत नाहीत!

थॉमसन यांनी 1897 साली इलेक्ट्रॉन शोधला आणि रदरफोर्ड यांनी 1911 साली अणूचे केंद्रक दाखविले. मग महायुद्ध पेटले असता, 1916 साली, जर्मनीच्या वाल्थर कोसेल यांनी मिठाचे कोडे सोडविले. सोडियमच्या बाहेरील कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो; क्लोरिनच्या कक्षेत सात असतात, आठवा हवा असतो. सोडियम देतो, क्लोरिन घेतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित, आणि ते एकमेकांना धरून ठेवतात. तत्पूर्वी 1913 साली ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी दाखविले होते की मिठाच्या स्फटिकात सोडियम-क्लोरिनची वेगळी जोडपी नसतातच. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरिन आणि प्रत्येक क्लोरिनभोवती सहा सोडियम, असा तो एकत्र संसार असतो.

आता पुन्हा काळ्या मातीकडे वळू. तिच्या चिकणमातीचे कण ऋणभारित असतात. त्यांना सोडियमचे आयन अधिक प्रमाणात चिकटले की कण विलग होतात, मातीची छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. तेव्हा जिप्सम घालतात. त्यातील कॅल्शियमचा आयन दुहेरी भाराचा असल्याने सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. निचराच नसेल तर जिप्समही व्यर्थ. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींची पाहणी करून हॅरोल्ड मान आणि तांहणे यांनी 1910 साली पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्याच्या पाण्याबरोबर येणारा हा धोका महाराष्ट्राला तेव्हाच सांगितला गेला होता. आपण ऐकले कमी आणि पाणी सोडले जास्त.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली. आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्नानसंस्कारात बाळाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवला जाई. 1969 च्या नव्या विधीत ती प्रथा राहिली नाही. उपमा मात्र राहिली आहे. रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात गप्प बसावे लागू नये, एवढे तरी गासेंदी आणि बोस्कोविच यांचे ऋण आपण फेडले पाहिजे. परमेश्वराने मिठात घातलेला नियम समजून घेणे आणि त्या नियमाने त्याचीच माती वाचविणे, ही दोन कामे आम्हांस वेगळी वाटत नाहीत. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात ते याहून निराळे काय?