गाडीवान ते ट्रक-ड्रायव्हर



विरार-वसईकडे इतिहासावर बोलायचे म्हणजे किल्ल्यापासून सुरुवात करायची, असा एक प्रघातच पडून गेला आहे. १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम सांगणारे आमच्याहून अधिकारी पुष्कळ आहेत. आज आम्ही किल्ल्याकडे पाठ करून पूर्वेला, हमरस्त्याकडे जाणार आहोत. विरार फाट्यावर रात्री अकरानंतर उभे राहिले, तर मुंबईकडून अहमदाबादकडे आणि तिकडून इकडे मालमोटारींची जी अखंड रांग दिसते, तीतल्या प्रत्येक काचेमागे एक माणूस बसलेला असतो. त्या माणसाचा इतिहास कोणी लिहीत नाही. बखरीत घोडेस्वार येतो, क्वचित हत्तीचा माहूतही येतो. मालाच्या बैलामागे चालणारा मात्र येत नाही.

हा विषय आम्हांला सुचला तो ग्रंथालयात नव्हे. आमच्या आळीतला एक मुलगा एके संध्याकाळी घरी आला. बावीस-तेवीस वर्षांचा. अवजड गाडीचा परवाना हातात येऊन काही महिने झाले होते आणि सुरतेपर्यंत पाच-सहा खेपा झाल्या होत्या. बसल्या बसल्या म्हणाला, “काका, एस्.टी.ची भरती निघेपर्यंत थांबू, की ट्रेलरवर जाऊ?” आम्ही विचारले, “अडचण कसली आहे?” तो काही बोलेना. त्याची आई बरोबर आली होती, तिने सांगितले, “घरी आला की झोप लागत नाही. लागलीच तर झोपेत उजवा पाय दाबत असतो. ब्रेक मारतो.” मुलगा ओशाळून हसला. आम्ही मात्र हसू शकलो नाही.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मागे वळून पाहणे आम्हांला आवश्यक वाटले. इतिहासाच्या अभ्यासकाची ती खोडच असते.

आगगाडीपूर्वी कोकणातले मीठ देशावर जाई ते लमाणांच्या, वंजाऱ्यांच्या तांड्यांतून. वसई भागात मिठागरे होती. समुद्राचे पाणी अडवून, उन्हात आटवून मीठ काढीत. ते बैलांच्या पाठीवर गोण्यांतून घाट चढे आणि परतताना त्याच पाठींवर धान्य उतरे. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे सांगतात. खरे असेल तर रस्त्यावरचा नाका ही काही टोलवाल्यांची नवी कल्पना नव्हे. पण तांड्याची खरी गोष्ट निराळी आहे. तांडा म्हणजे चालते गाव. बायकामुले, कुत्री, भांडीकुंडी सर्व बरोबर. बैल वाटेतल्या रानात चरत, म्हणून वैरणीचा खर्च नाही. आणि बैलाला चरायला वेळ द्यावा लागे, म्हणून माणसालाही विसावा मिळे. किती चालायचे हे मालक ठरवीत नसे, व्यापारीही ठरवीत नसे; बैलाचे पोट ठरवीत असे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळात मोठमोठ्या फौजा या तांड्यांच्या धान्यावर जगल्या. आर्थर वेलस्लीसारखा सेनापतीही दख्खनच्या लढाईत त्यांच्यावर अवलंबून होता. पण त्याच्याही हुकुमाने बैल रात्रभर धावला नसता.

१८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि पाठीवरचा माल चाकांवर आला. तांड्याच्या जागी बैलगाड्यांची माळ आली. याच व्यवहारात आपल्या भाषेतला एक मोठा मजेदार शब्द रुळला, हुंडेकरी. वाटेतले भाडे, जकात, पट्ट्या सगळ्यांचा एकठोक सौदा करून माल पोचवण्याची हमी घेणारा तो हुंडेकरी. आज ट्रान्सपोर्ट कंपनीच्या पाटीखाली बसणारा गृहस्थ त्याचाच वंशज आहे, आणि पुण्या-नगरकडे अजूनही त्याला त्याच नावाने ओळखतात. हुंडेकऱ्याने मालाची हमी घेतली. गाडीवानाची हमी त्याच्या सौद्यात कधीच नव्हती. तरीही गाडीवान एकटा नसे. मागेपुढे दहा गाड्या असत. एखाद्याला डुलकी लागली तरी बैल पुढच्या गाडीमागे आपसूक चालत राही. झोपलेल्या गाडीवानाला घरी आणणाऱ्या बैलांच्या गोष्टी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकल्या असतील.

विरारला आगगाडी आली ती १८६४ साली, मुंबई-बडोदा रेल्वे सुरतेकडून मुंबईला भिडली तेव्हा. १८६७ च्या १२ एप्रिलपासून विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी सुरू झाली. तेव्हापासून इथली केळी, भाजी, फुले मुंबईला रुळांवरून जाऊ लागली आणि बैलगाडीचे काम स्टेशनापुरते उरले. मध्ये खाडी आडवी. तिच्यावर रेल्वेचा पूल झाला, पण हमरस्त्याच्या पुलाला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. तो घोडबंदरजवळचा जुना पूल पुढे इतका थकला की २०१३ च्या अखेरीस त्याला तडे गेले आणि अवजड वाहने वळवावी लागली. नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. मधल्या दहा वर्षांत त्या पुलाच्या तोंडाशी किती ड्रायव्हरांनी इंजिन बंद करून रात्री काढल्या, याची नोंद कोठेच नाही.

मालमोटार आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराने मोडीत काढलेल्या लॉऱ्या बाजारात आल्या. १९४७ मध्ये वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज ट्रक बाहेर पडला, आणि १९५४ पासून टाटांनी जर्मन मर्सिडीज-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. ही यंत्रे चालवायला शाळा नव्हती. क्लीनर, ज्याला बोलण्यात किन्नर म्हणतात, तो उस्तादाच्या हाताखाली राहायचा. चाके धुवायची, ताडपत्री बांधायची, रस्सा आवळायचा, रेडिएटरला पाणी घालायचे, घाटात चाकाखाली दगड लावायचा. वर्षा-दोन वर्षांनी मोकळ्या रस्त्यावर उस्ताद स्टिअरिंग हातात देई. जुन्या गाड्यांना गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागे. चुकला तर गाडी किंचाळे आणि उस्तादाची थप्पड बसे. या पद्धतीत शिव्या होत्या, मार होता, फुकट राबवणे होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट होती. नवा माणूस पहिली दोनतीन वर्षे रस्त्यावर एकटा नसे, आणि कोठे गाडी बाजूला घेऊन झोपायचे हे त्याला दुसऱ्याच्या झोपेवरून कळे. आज पुष्कळ मालकांनी किन्नराचा खर्च वाचवला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वय वीस पूर्ण आणि हलक्या वाहनाचा परवाना वर्षभराचा असला की वाहतुकीच्या गाडीचा शिकाऊ परवाना मागता येतो. वर्ग आहेत, परीक्षा आहे. उस्ताद मात्र नाही.

आता ज्या वळणावर ड्रायव्हर नावाच्या एकाच माणसाचे दोन माणसे झाली, त्याकडे येऊ. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस्.टी. धावली. प्रवासी वाहतूक सरकारने हाती घेतली, मालवाहतूक मात्र खाजगी हातांत राहिली. उतारू नेणाऱ्याला गणवेश आला, पाळी आली, आगारात आडवे व्हायला खोली आली, निवृत्तीचा विचार आला. माल नेणारा हुंडेकऱ्याच्या दारातच उभा राहिला. एस्.टी.चा चालकही सुखात लोळतो असे नव्हे. २०२१-२२ चा महिनोन्‌महिने चाललेला संप आपण सर्वांनी पाहिला आहे. तरी त्याला भांडायला समोर कोणीतरी होते. मालगाडीच्या ड्रायव्हरने भांडायचे कोणाशी? १९५९ साली मिनू मसानी यांच्या समितीने रस्ते वाहतुकीचा अहवाल दिला, त्यात हेच चित्र होते: बहुतेक मालक एकदोन गाड्यांचे. त्यांनी एकत्र येऊन मोठे घटक करावेत, अशी शिफारस होती. ती बव्हंशी कागदावर राहिली.

आणि म्हणूनच १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याची कथा आम्हांला फार बोलकी वाटते. कायदा चांगला होता. दिवसाचे काम आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन फार तर दहा आणि चोपन्न. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. आठवड्याची एक सुटी. जरा नीट पाहिले तर कायद्याने इथे बैलाची जागा घेतली आहे. बैल थकत असे म्हणून माणूस थांबे. इंजिन थकत नाही, म्हणून आता कलमाने थांबवायचे. पण त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात एक आकडा होता: पाच. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगालाच कायदा आपोआप लागू. त्याखालच्यांना लावायचा की नाही, हे राज्य सरकारच्या मर्जीवर. मसानी समितीने दोन वर्षे आधी सांगितले होते की मालक एकदोन गाड्यांचे आहेत. म्हणजे ज्या माणसाला विसाव्याची सर्वांत अधिक गरज, तोच या उंबरठ्याबाहेर! पुढे १९८८ च्या कायद्याने तासांची हीच बंधने सर्व वाहतूक वाहनांच्या ड्रायव्हरांसाठी मान्य केली, आणि २०२० साली संसदेने केलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत १९६१ चा कायदा सामावून घेतला गेला. पण रात्री दोन वाजता मनोरच्या पुढे एकट्या गाडीत तास मोजायला कोण बसले आहे?

रात्रीचे दोन ही वेळ आम्ही उगाच निवडली नाही. मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे पाच आणि दुपारी जेवणानंतर, माणसाच्या शरीराला झोप हवीच असते. चहाने ती पुढे ढकलता येते, टाळता येत नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू दोनतीन सेकंद झोपून उठतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर जाते. या पन्नास मीटरांत गाडी कोणी चालवीत नसते. बैलगाडीत डुलकी लागली तर बैल जागा असे. ट्रकमध्ये डुलकी लागली तर जागे कोणीच नसते. त्या मुलाने आम्हांला सांगितले, की चारोटीच्या अलीकडे एकदा त्याला एकदम कळले की मागचा पूल आपल्याला आठवतच नाही. त्याचा पाय झोपेत ब्रेक मारतो तो तेव्हापासून.

यात दुसरी भीती मिसळते. अपघात झाल्यावर थांबले तर जमाव, पळाले तर गुन्हा. त्रयस्थाचा विमा १९४६ पासून सक्तीचा आहे, म्हणून जखमीला भरपाई मिळते. पण कोठडी आणि परवाना ज्याचा त्याचा. भारतीय न्याय संहितेत, मृत्यूस कारण होऊन खबर न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे पोटकलम आले, तेव्हा १ जानेवारी २०२४ ला ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि देशभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली, ते पोटकलम तेवढे बाजूला ठेवून. मेलेल्याच्या घरच्यांची बाजू आम्ही विसरत नाही. पळणाऱ्याला माफी असावी असे कोणीच म्हणणार नाही. पण थांबलेल्याला जमावापासून वाचवण्याची व्यवस्था आधी हवी होती, एवढे तरी म्हणावेच लागेल.

सुधारणा अगदीच झाली नाही असे नव्हे. स्टिअरिंग हलके झाले, गिअर बोटांनी पडतात, २०२५ पासून नव्या अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. मात्र त्याच केबिनमध्ये मालकाचा फोन आहे आणि गाडी कोठे उभी आहे हे दाखवणारे यंत्रही आहे. पंधरा मिनिटे बाजूला घेतली की फोन वाजतो, “गाडी का थांबली?”

आता विरारच्या मुलापुढे वाटा कोणत्या? गावातली कामे पुष्कळ आहेत. वैतरणेच्या रेतीवर आणि इमारतींच्या विटांवर इथल्या डंपरांची एक पिढी पोसली गेली. दिवसाला जितक्या खेपा तितका पैसा, म्हणून गाडी पळवायची. पाण्याचे टँकर आहेत. त्यांच्याविरुद्ध हरित वसईच्या चळवळीने उठवलेला आवाज पुष्कळांना आठवत असेल. टँकरवाल्याला झोप मिळते, शेजाऱ्याचे आशीर्वाद मिळत नाहीत. न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून कंटेनरांचे ट्रेलर वाढले. त्यांत पैसा जास्त, घर आठ-पंधरा दिवसांनी. एस्.टी. अवजड गाडीचा अनुभव मागत आली आहे, म्हणजे सुरक्षित नोकरीचा दाखला असुरक्षित नोकरीतूनच आणायचा. आणि स्वतःची गाडी कर्जावर घेण्याचा मोह तर प्रत्येकाला होतो. आमचे मत विचाराल तर पहिल्या तीन वर्षांत तो आवरावा, कारण मालकाचा फोन निदान बंद करता येतो. हप्त्याची तारीख बंद करता येत नाही.

त्या मुलाला आम्ही ट्रेलरवर जा असे म्हटले नाही, जाऊ नको असेही म्हटले नाही. मालकाला दोन प्रश्न विचारून ये, एवढेच सांगितले: गाडीवर दुसरा माणूस देणार का, आणि मी थांबलो तर भाडे कापणार का? तीन गाड्यांचा मालक होता. पहिल्या प्रश्नाला तो हसला. दुसऱ्याला म्हणाला, “आधी थांबून तर बघ.”

सध्या हा मुलगा आगाशीकडून दादरला भाजी नेणाऱ्या टेम्पोवर आहे. मध्यरात्रीनंतर निघतो, दुपारी घरी जेवतो. पैसे कमी मिळतात आणि ते तो आईला रोज ऐकवतो. ट्रेलरचा विचार त्याने सोडलेला नाही. दिवाळीनंतर दुसऱ्या एका मालकाकडे तेच दोन प्रश्न घेऊन जाणार आहे.