'बेकार' हा शब्द आणि द्राक्षमळ्याचा दाखला

आपल्या मंडळ्यांत मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजारी, वृद्ध व विधवा यांच्याबरोबर 'बेकारां'चीही आठवण केली जाते. हा शब्द उच्चारताना आपण नकळत काय बोलून जातो, हे त्याच्या इतिहासावरून ध्यानी येते.

'बेकार' हा शब्द फारसीतून आला. 'कार' म्हणजे काम; 'बे' हा अभावदर्शक उपसर्ग. ज्याच्या हाती काम नाही तो बेकार, एवढाच मूळ अर्थ. परंतु मराठीत निरुपयोगी, टाकाऊ हा अर्थही त्याला जडला. यंत्र बिघडले की ते बेकार. श्रम वाया गेले की तेही बेकार. अशा रीतीने माणसाची परिस्थिती आणि माणसाचे मोल ही एकाच शब्दात कालवली गेली. 'नोकर' या शब्दाचेही असेच झाले. त्याचे कूळ मंगोल भाषेतील. तेथे त्याचा अर्थ सोबती, सरदाराचा विश्वासू सहचर असा होता. फारसीमार्गे आपल्याकडे पोहोचेपर्यंत सोबत्याचा सेवक झाला.

जुन्या गावगाड्यात बलुतेदाराचे काम जन्माने ठरे. काम नसणे यापेक्षा नको असलेले काम सोडता न येणे, हे तेथील मोठे दुःख होते. संस्कृत 'विष्टि'पासून आलेला 'वेठ' आणि फारसी 'बिगार' हे शब्द त्याची साक्ष देतात : काम आहे, पण मजुरी नाही. आपल्या अनेक मंडळ्यांच्या पूर्वजांनी ही वेठ पिढ्यान्‌पिढ्या सोसली. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. गिरण्यांनी रोख पगार दिला. त्याचबरोबर एक नवी अवस्थाही निर्माण केली. धडधाकट, कसबी माणूस, कामाची इच्छा असूनही कामाविना! इंग्रजीतदेखील या अवस्थेचे भाववाचक नाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रूढ झाले. इंदूरची हुकूमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांची थकलेली देणी देण्याची व्यवस्था होण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. या बत्तीस वर्षांत त्या कामगारांना 'बेकार' म्हणणाऱ्यांनी त्यांचा कोणता दोष पाहिला होता?

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील दाखल्यात बाजारात उभ्या असलेल्या मजुरांसाठी 'आर्गोस' हा ग्रीक शब्द आला आहे. 'अ' म्हणजे नाही, 'एर्गोन' म्हणजे काम. घडण अगदी 'बेकार'सारखीच. त्याला जडलेला दोषही तोच, कारण मत्तय १२:३६ मध्ये व्यर्थ बोलण्यासाठी हेच विशेषण योजिले आहे. तथापि दाखल्यातील घरधनी शब्दापाशी थांबत नाही. तो मजुरांना कारण विचारतो. आम्हांला कोणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. त्यावर तो वाद घालीत नाही, त्यांची परीक्षाही घेत नाही; त्यांना मळ्यात पाठवितो आणि सायंकाळी पुऱ्या दिवसाची मजुरी देतो.

२ थेस्सलनीका ३:१० हे वचन पुष्कळदा कामाविना असलेल्यांवर फेकले जाते. तेथे प्रेषित पौलाने 'इच्छिणे' या अर्थाचे क्रियापद योजिले आहे, हे विसरू नये. काम करू न इच्छिणारा वेगळा आणि ज्याला काम मिळत नाही तो वेगळा. पहिल्याला दिलेली ताकीद दुसऱ्याला ऐकविणे हा अन्याय होय.

हैदराबादेत आजही मजूर पहाटे अड्ड्यावर येऊन उभे राहतात आणि कित्येकांना रिकाम्या हाती परतावे लागते. त्यांच्यापैकी कोणी आपल्या मंडळीत मागच्या बाकावर बसलेला असेल. पाळकांनी व धर्मशिक्षकांनी प्रार्थनेत 'बेकार'ऐवजी 'ज्यांना काम मिळालेले नाही ते' असे म्हणावे. शब्द चार अधिक लागतील. पण तो माणूस मान वर करून 'आमेन' म्हणू शकेल. आणि उपासना संपल्यावर, त्या घरधन्याप्रमाणे, त्याच्यापाशी जाऊन विचारपूस करणे हे आपले काम आहे.